येन्सला ठेवायचं की द्यायचं

त्सुफेनहाउझेनमधल्या त्या इमारतीत जिना पुसायची पाळी आठवड्याआठवड्याने एकेका घराकडे जाते. ज्याची पाळी, त्याच्या दाराला एक लाकडी पाटी लटकते. तिच्यावर लिहिलेलं असतं केरवोख. विभावरी सबनीस नवी नवी जर्मनीत आली तेव्हा हा शब्द तिला पहिल्या झटक्यात पाठ झाला, कारण त्यात निदान केर तरी ओळखीचा होता. पुढे तिला कळलं की या देशात व्हिसाचा अर्ज चुकला तर दुरुस्त करता येतो, पण केरवोख चुकली तर पहिल्या मजल्यावरच्या हेग्लेबाई जिन्यात भेटल्यावर वर्षभर भिंतीकडे बघतात.

त्यामुळे जूनमधल्या त्या शनिवारी ती बादली घेऊन सकाळीच बाहेर पडली. बघते तो जिना ओला. वरपासून खालपर्यंत स्वच्छ पुसलेला, आणि तळमजल्यावर शेजारी येन्स क्राउटर वाकून फडकं पिळतोय.

"अहो, या आठवड्यात माझी पाळी आहे," ती वरूनच म्हणाली.

येन्सने मान वर केली, तिच्या हातातल्या बादलीकडे पाहिलं आणि हसला. "असू दे, फ्राऊ साबनिस. मी उठलोच होतो."

तिला बरं वाटलं. या घरात आल्यापासून तिच्या वाटणीचं काम दुसऱ्या कुणी केल्याचं तिला आठवत नव्हतं. दुपारी तिने बेसनाचे लाडू डब्यात भरले आणि त्याच्या दारात नेऊन दिले. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "बघ, एवढा मोठा खेळाडू, पण जिना पुसतो. तू स्वतःची ताटली उचलत नाहीस."

हृषिकेशने ताटली उचलली, पण त्याचं लक्ष फोनमध्ये होतं. नेकार फाल्केनच्या चाहत्यांचा ग्रुप सकाळपासून पेटला होता, आणि पेटला होता तो येन्सवरूनच.

नेकार फाल्केन हा त्यांचा फुटबॉलचा संघ. हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे, अमेरिकन. हेल्मेटं घालायची, अंड्याच्या आकाराचा चेंडू घ्यायचा आणि एकमेकांच्या अंगावर जायचं. त्यात क्वार्टरबॅक म्हणजे घरातल्या कर्त्यासारखा. चाल तो सांगतो, चेंडू तो फेकतो, आणि चेंडू हातातून सुटेपर्यंत समोरची धिप्पाड मंडळी त्याच्याच अंगावर धावून येत असतात. येन्स बारा-तेरा वर्षं फाल्केनचा क्वार्टरबॅक होता. पोटासाठी टायर बदलायच्या वर्कशॉपमध्ये काम करायचा आणि शनिवार-रविवारी शहराचा देव असायचा. हृषिकेशला कंपनीतल्या कुणीतरी एकदा तिकिटं दिली, त्याने मित्राला, सुधीरला नेलं, सुधीरने पुढच्या खेपेला ढोल नेला. जर्मन लोक आधी बिचकले, मग त्यांनी त्या कोपऱ्याचं नावच ढोल-ब्लॉक ठेवलं. या मंडळींना नंतर क्लबचं रीतसर सभासदत्व मिळालं, बायकांसकट.

आता क्लबच्या मंडळाने ठरवलं होतं की येन्सला बायर्न राज्यातल्या, हेर्त्सोगेनआउराखच्या बाजूच्या एका क्लबला द्यायचं आणि बदल्यात त्यांची दोन तरणी पोरं घ्यायची. पण इथले क्लब म्हणजे आपल्या हाउसिंग सोसायट्यांचे चुलतभाऊ. मंडळाने काहीही ठरवलं तरी शेवटी सभा भरते, माणसं हात वर करतात. सभा येत्या शुक्रवारी होती. म्हणून त्या दिवशी संध्याकाळी ढोल-ब्लॉक सबनिसांच्या हॉलमध्ये जमला. म्हणजे सुधीर, वेद आणि हृषिकेश. बाकीचे फोनवरून भांडत होते.

"सुधीरदादा, आकडे बघा ना जरा," वेद म्हणाला. तो तिशीतला, पुण्याहून आलेला, सॉफ्टवेअरवाला. पहिल्या वर्षी तो विभावरीला काकू म्हणाला होता. एकदा जेवायला न विचारता त्याला घरी पाठवल्यावर विभाताई म्हणू लागला. "यंदा दर मॅचला चेंडू समोरच्याच्या हातात नेऊन देतोय. घ्या म्हणून."

"आकडे तुझ्या लॅपटॉपला दाखव." सुधीर छप्पन्न वर्षांचा होता आणि वाद घालताना नेहमी उभा राहायचा. "त्या माणसाने मोडलेल्या बोटाने फायनल खेळलीय. तू तेव्हा कॉलेजात कॉप्या करत होतास."

"वय बघा ना त्याचं. अडतीस."

"मग मलाही देऊन टाका कुठेतरी. सुलेखाला बदल्यात दोन तरणे मिळतील."

"वहिनींना विचारू का? नाही, त्या हो म्हणाल्या तर पंचाईत व्हायची."

विभावरी स्वयंपाकघरात साबुदाणावडे तळत होती. तिथूनच तिला हसू आलं. हृषिकेशचा आवाज मात्र गंभीर होता.

"मुद्दा वयाचा नाहीये. माणूस हट्टी झालाय. परवा कोचने एक चाल सांगितली, याने भलतीच लावली. ती फसली. मग परत तीच लावली, जशीच्या तशी. समोरचे लोक हसायला लागले, सुधीर. आपल्या येन्सला हसत होते."

"तो डाव असेल त्याचा. दोनदा एकच करायचं म्हणजे त्यांना वाटतं..."

"दोनदा फसला तो डाव."

"मग कोचची चूक. तरण्या पोरांची चूक, चेंडू पकडता येत नाही त्यांना. गेनाऊ, अगदी तुझ्यासारखी पोरं, वेद."

"मी काय केलं?"

तेवढ्यात बेल वाजली. हात पुसत विभावरीने दार उघडलं. समोर येन्स उभा होता. एका हातात बादली, दुसऱ्या हातात पाटी. तिच्या दाराची, आत्ताच काढलेली.

"फ्राऊ साबनिस, ही तुमच्याकडे कशी आली? हा आठवडा माझा आहे ना? मी पुसून घेतो."

त्याच्यामागे जिना अजून सकाळचा चकचकत होता.

"सकाळी पुसलात की तुम्ही," ती म्हणाली. "मी लाडू नाही का आणून दिले?"

तो थांबला. क्षणभरच. मग हसला, मान डोलावली, म्हणाला, "हो, हो, अर्थातच. लाडू. फार छान होते."

हे हसू विभावरीच्या ओळखीचं होतं. नाशिकला तिची आई शेवटची काही वर्षं असंच हसायची. समोरचा काय बोलतोय हे कळत नसलं की आधी हसून घ्यायचं, हो म्हणायचं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून बाकीचं शोधायचं. आईने या हसण्यावर सगळ्या गल्लीला दोन वर्षं फसवलं होतं. विभावरीलाही, कारण ती फक्त व्हिडिओ कॉलवर बघायची.

आतून तिघे उठून आले. ज्याला ठेवायचं की द्यायचं यावर आत्ताच घसा बसवला, तो दारात उभा म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे चोरासारखे झाले. सुधीरने त्याला मिठी मारली. वेदने हात मिळवला. हृषिकेशने वडा खाणार का म्हणून विचारलं. येन्स नको म्हणाला, पाटी परत दाराला अडकवली आणि खाली गेला.

"बघितलंत?" सुधीरच्या डोळ्यांत पाणी होतं. "आपण त्याला काय काय बोलतोय, आणि तो आपला जिना पुसायला आलाय. असल्या माणसाला विकायचं?"

"त्याला कळलं असेल आपण जमलोय ते," वेद म्हणाला. "मतं मागायला आला असेल."

"तुझं डोकंच तसलं."

वडे करपायला लागले होते. विभावरीने गॅस बंद केला, कढई तशीच ठेवली आणि चपला घालून खाली गेली.

येन्सचं दार उघडंच होतं. तो स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. समोर तिचा डबा, झाकण न उघडलेला. तो त्या डब्याकडे असा बघत होता, जसं कुणी परक्याच्या घरी चुकून आल्यावर भिंतीवरचे फोटो बघतं.

"माझी आई अशीच होती," विभावरी म्हणाली. आधी काहीतरी दुसरं बोलायचं असं ठरवून ती आली होती, पण तिच्या जर्मनमध्ये आडवळणं नव्हती. जे होतं ते सरळच निघायचं.

त्याने डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "सकाळी बरं असतं. दुपारपर्यंत. मॅच दुपारीच असते."

"क्लबच्या डॉक्टरांना माहीत आहे?"

"आमची एक परीक्षा असते," त्याने सांगितलं. "सीझन सुरू व्हायच्या आधी. शब्द लक्षात ठेवा, आकडे उलटे म्हणा, चित्रं ओळखा. त्याचे गुण लिहून ठेवतात. पुढे डोक्याला मार बसला की तीच परीक्षा परत घेतात, आणि गुण घसरले तर बसवतात बाहेर. मग सगळे काय करतात, पहिल्या वेळी मुद्दाम चुका करतात. म्हणजे नंतर घसरायला जागाच राहत नाही. मी पण करायचो. वर्षानुवर्षं." त्याने डबा थोडा बाजूला सरकवला. "यंदा मुद्दाम काही करावं लागलं नाही."

विभावरी खुर्चीवर बसली. त्याने तिला बस म्हटलं नव्हतं.

"सोडून द्या हो," ती म्हणाली.

"दोन सीझन. बायर्नवाल्यांनी सांगितलंय, दोन सीझन खेळ, मग मुलांना शिकव. कायमची नोकरी. वर्कशॉपमध्ये मला आता टायरला हात लावू देत नाहीत, फ्राऊ साबनिस. काउंटरवर बसवलंय. तिथेही मी..." त्याने वाक्य सोडून दिलं. "कुणाला सांगू नका. प्लीज. हे गेलं तर माझ्याकडे काय राहतं? जिना."

ती काहीच कबूल न करता उठली. पण नाही असंही म्हणाली नाही, आणि वर येईपर्यंत तिला पायरीपायरीवर ते बोचत राहिलं.

पाहुणे गेल्यावर तिने हृषिकेशला सगळं सांगितलं. तो सोफ्यावर बसून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आपण कोण सांगणारे, विभा? माणूस मोठा आहे. त्याचा निर्णय आहे."

"त्याला आदल्या क्षणाचं आठवत नाही आणि निर्णय त्याचा?"

"तू सांगितलंस तर कोण घेणार त्याला? बायर्नवाले लगेच हात वर करतील. आपले तर द्यायलाच निघालेत. त्याच्या तोंडचा घास जाईल आणि तो तू काढलेला असेल."

"आणि परत डोकं आपटलं तर? तिथली पोरं कच्ची असली तर? याला वाचवणार कोण? मार खाईल नुसता."

हृषिकेश हळूच म्हणाला, "निदान शुक्रवारपर्यंत तरी थांब. सभा होऊ दे. ती दोन पोरं खरंच चांगली आहेत, विभा, त्यातला एक तर..."

तो मध्येच थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या स्वतःच्या कानांवर बहुधा उशिरा पडलं. विभावरीने करपलेले वडे कचऱ्याच्या डब्यात टाकले, तेही बरोबर, तपकिरी डब्यात, ओल्या कचऱ्याच्या. इतक्या वर्षांत या देशाने एवढं शिकवलं होतं.

शुक्रवारी सहा वाजता क्लबच्या हॉलमध्ये लख्ख ऊन होतं. लांब टेबलं, बिअरचे ग्लास, भिंतीवर जुन्या संघांचे फोटो आणि त्यातल्या निम्म्यांत येन्स. येन्स स्वतः पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. विभावरीला हे बघवेना. आपल्याकडे ज्याच्यावर बोलायचं त्याला निदान बाहेर तरी पाठवतात. इथे त्याच्यासमोरच, नाव घेऊन, एकेक जण उठून बोलत होता. खांदा गेला. पाय जड झाले. तीन वर्षांपूर्वीच जायला हवं होतं. नाही, तोच क्लब आहे, तो गेला तर मी सभासदत्व सोडतो. अध्यक्ष हेर बॉयर्ले प्रत्येकाचं नाव पुकारत होते आणि बोलून झालं की आभार मानत होते.

सुधीर उठला. त्याच्या जर्मनमध्ये क्रियापदं कुठेही पडायची, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. "तुम्ही याला म्हातारा म्हणता," तो म्हणाला. "या माणसाने मला इथे माणूस केलं. मी ढोल घेऊन आलो तेव्हा गार्ड मला बाहेर काढत होता. हा मैदानातून आला आणि म्हणाला, त्याला वाजवू दे." हॉल टाळ्यांऐवजी टेबलांवर मुठी आपटू लागला. येन्सने मागे वळून हात वर केला.

मग विभावरीने हात वर केला. शेजारी हृषिकेशने नुसतं "विभा" म्हटलं, थांब म्हटलं नाही.

"तुम्ही सगळे विचारताय, ठेवायचं की द्यायचं," ती उभी राहून म्हणाली. "दोन्हीकडे तो खेळणारच आहे. मी त्याची शेजारीण आहे. त्याने खेळू नये. त्याला गोष्टी आठवत नाहीत. एकच जिना तो एका दिवसात दोनदा पुसायला येतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "माझ्याकडे पाठवा त्याला," आणि हसण्याची एक लाट आली. हेर बॉयर्ले मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले की कुणाच्याही प्रकृतीविषयी सभेत बोलणं खाजगी माहितीच्या कायद्यात बसत नाही, हे इतिवृत्तात येणार नाही, आणि सभासदांनी कृपया विषयाला धरून बोलावं.

तेव्हा येन्स उठला. तो तिच्याकडे बघत होता. रागाने नव्हे, त्याहून वाईट. "मला आठवत नाही म्हणतात," तो हॉलला म्हणाला. "ड्रेस्डेनची सेमीफायनल. पाऊस. शेवटचा डाव, आम्ही चार पॉइंटांनी मागे. मी डावीकडे बघितलं, चेंडू उजवीकडे फेकला. कुणाला?"

"फिलिपला," हॉल ओरडला.

त्याने आणखी एक मॅच सांगितली, मग आणखी एक. वारा कुठून होता, कुठल्या बाजूचा दिवा गेला होता. माणसं उभी राहिली. विभावरी खाली बसली. आईला स्वतःच्या साखरपुड्यातला मेन्यू वाढप्यासकट सांगता यायचा. पाच मिनिटांपूर्वी ठेवलेलं दूध मात्र उतू जायचं. पण हे आता कुणाला सांगणार?

हात वर झाले. मोजणी झाली. थोड्या फरकाने ठरलं की द्यायचं. टाळ्या, रडारड, मग बिअर. सुधीर तिच्याशी न बोलता बाहेर गेला. जाताना वेदला एवढंच म्हणाला, "शेजारच्या माणसाची अब्रू अशी चव्हाट्यावर काढतात होय?"

ती आणि हृषिकेश पार्किंगमध्ये आले तेव्हा सुधीर त्याच्या गाडीपाशीच सिगरेट ओढत उभा होता, वेद त्याची समजूत घालत होता. आणि येन्स हॉलच्या दारातून बाहेर येत होता, एकटाच. तो थेट विभावरीकडे आला. ती बोलणी खायच्या तयारीने उभी राहिली.

"फ्राऊ साबनिस," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जुनं, दिलखुलास हसू होतं. "तुम्हीही आलात. बरं वाटलं." मग त्याने सुधीरच्या खांद्यावर हात ठेवला. "काय ठरलं शेवटी? ठेवताय मला?"

सुधीरच्या हातातली सिगरेट तशीच जळत राहिली. वेदने हृषिकेशकडे पाहिलं. कुणालाच जर्मन येत नसल्यासारखे सगळे उभे होते.

शेवटी हृषिकेशच बोलला. "तू जाणार आहेस, येन्स. बायर्नला."

येन्सने ते ऐकलं. पहिल्यांदाच ऐकल्यासारखं. त्याचा चेहरा आधी रिकामा झाला, मग तो वळून हॉलच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सुधीर "अरे" एवढंच म्हणाला, तेही मराठीत, आणि त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिला.

"याला गाडीत बसवा," हृषिकेश म्हणाला आणि आत गेला.

विभावरीने येन्सला मागच्या सीटवर बसवलं, स्वतः पुढे बसली. काचेतून तिला दिसत होतं, आत बॉयर्ले खुर्च्या एकमेकांत अडकवत होते आणि हृषिकेश त्यांच्यासमोर उभा होता. फार वेळ लागला नाही. तो परत आला, ड्रायव्हरच्या जागी बसला, पण किल्ली लावली नाही.

"त्यांना माहीत आहे," तो मराठीत म्हणाला. "मार्चपासून. म्हणाले, म्हणूनच तर देतोय. आमच्याकडे खेळताना काही झालं तर आमच्यावर येईल."

"आणि तिकडच्यांना?"

"तिकडच्यांनी विचारलं नाही म्हणे."

ती समोर बघत राहिली. पार्किंगच्या कडेला लिंडनच्या झाडाखाली कुणाची तरी मुलं तो अंड्याच्या आकाराचा चेंडू फेकत होती. पडला की तो कुठल्याही दिशेला उसळायचा.

"तिकडच्या कोचचा नंबर वेदकडे असेल," हृषिकेश म्हणाला. "तो त्यांच्या मुलांची माहिती काढत होता." थोडं थांबून म्हणाला, "तू बोल. माझं जर्मन चांगलं आहे, पण मी गोल गोल बोलेन."

तिने काच खाली केली आणि वेदला हाक मारली. वेदने काही न विचारता नंबर पाठवला. त्याच्यामागे सुधीर उभा होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, पण तिथून हललाही नव्हता.

मागच्या सीटवरून येन्सने विचारलं, "तुमच्या भाषेत बोलताय. माझ्याबद्दल का?"

"हो," ती म्हणाली.

"चांगलं?"

आईच्या वेळी ती नेहमी हो म्हणायची. सगळेच म्हणायचे.

"नाही," विभावरी म्हणाली आणि मागे वळून बसली, म्हणजे बोलताना तिचा चेहरा त्याला दिसेल. "मी त्यांना फोन करणार आहे. तुम्हाला खेळू देऊ नका, असं सांगणार आहे. तुमच्यासमोरच सांगते. नंतर तुम्ही विसरलात तर मी परत सांगेन."

त्याने दाराकडे हात नेला, पण दार उघडलं नाही. गुडघ्यांवर पंजे ठेवून तो बसून राहिला. तिने नंबर लावला. पलीकडे घंटी वाजू लागली.